आधी चिठ्ठी, मग टोपली

इजिप्तमधल्या लक्सरच्या घाटावरून बोटीने नाईल ओलांडली की उसाची शेतं लागतात. ती जिथं संपतात तिथं एकदम संपतात. एक पाय शेतात आणि दुसरा वाळवंटात ठेवता येईल, इतकी ती रेघ ठळक आहे. रेघेपलीकडे भुरक्या चुनखडकाच्या टेकड्या आहेत: द्रा अबू अल-नगा, असासिफ, खोखा, शेख अब्द अल-कुर्ना. राजांची दरी त्यांच्या मागे, डोंगराच्या पलीकडे आहे. या अलीकडच्या उतारांवर राजांचे कारभारी, लेखनिक, कोठारांवरचे अधिकारी आणि पुजारी पुरलेले आहेत. गार्डिनर आणि वाइगल या अभ्यासकांनी १९१३ साली या थडग्यांची क्रमवार यादी छापली. ती वाढत आज चारशेच्या पुढे गेली आहे आणि क्रमांक न मिळालेली थडगी आणखी शेकडो आहेत. आमचं उत्खनन अशाच एका उतारावर, अठराव्या राजवंशातल्या, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, थडग्यांच्या ओळीत चालतं.

या टेकडीवर शाबूत, मोहोरबंद थडगं सापडणं फार दुर्मिळ. पुरल्यानंतर काही पिढ्यांतच चोर आत शिरले. पुढच्या शतकांत दुसऱ्या कुटुंबांनी थडग्याची तीच विहीर, म्हणजे पुरण्यासाठी खोदलेला उभा खड्डा, उपसून आपली माणसं पुरली. मग ख्रिस्ती साधू येऊन राहिले. एकोणिसाव्या शतकात पुराणवस्तू विकणाऱ्यांनी उरलंसुरलं उचकटलं. आणि अगदी २००६ नंतर घरं पाडून लोकांना हलवेपर्यंत कुर्ना गाव याच थडग्यांच्या अंगणांत वसलेलं होतं, मागच्या खोलीत गुरं आणि पुढं माणसं. त्यामुळे एकाच शवपेटीचा एक तुकडा अंगणात, दुसरा विहिरीत तीन मीटरवर आणि तिसरा शेजारच्या थडग्यात, अशी स्थिती असते. हे तुकडे पुन्हा एकत्र आणायचे तर प्रत्येक तुकडा नेमका कुठून आला हे कळलं पाहिजे. ते सांगणारी वस्तू एकच: माती कुठल्या थरातून आली ते लिहिलेली टोपलीतली चिठ्ठी. आमच्या कामातली बहुतेक शिस्त त्या चिठ्ठीसाठी आहे.

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. त्यानंतर पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बाराला धातूची थापी हातात धरवत नाही. काम सकाळी साडेसहा-सातला सुरू होतं, दुपारी दीडला थांबतं, शुक्रवारी सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. रमजान हिवाळ्यात आला की मधली सुट्टी नसते आणि काम तासभर आधी आटोपतं.

थडग्याचं कुलूप उघडायला पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक हजर लागतो. त्याला मुफत्तिश म्हणतात. प्रत्येक पथकाला एक नेमून दिलेला असतो आणि तो येईपर्यंत कुणीही आत पाऊल टाकत नाही. परवानगी हंगामापुरती असते. कैरोची स्थायी समिती ती देते, शिवाय पथकातल्या प्रत्येकाची सुरक्षा तपासणी वेगळी. कागद सहा-आठ महिने आधी पाठवले नाहीत तर हंगाम बुडतो. परवानगीत आखून दिलेल्या रेषेबाहेर एक फूटही खोदता येत नाही, अगदी भिंत त्या रेषेखालून पलीकडे जाताना दिसत असली तरी.

कामगारांचा मुखिया तो रईस. चांगला रईस मिळाला तर अर्धं खोदकाम सरळ झालं म्हणून समजावं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९३-९४ मध्ये कुफ्त गावी खोदकाम केलं, तेव्हा तिथल्या माणसांना हाताखाली तयार केलं. तेव्हापासून 'कुफ्ती' हे इजिप्तभर कुशल उत्खनकांचं नाव झालं. त्या घराण्यांतली माणसं आजही रईस म्हणून येतात, पण पश्चिम तीरावर बहुतेक मजूर जवळच्या गावांतलेच असतात. साखळी अशी: सर्वांत पुढे थापी आणि ब्रश घेतलेला जाणकार, त्याच्या मागे तुरिया चालवणारा, त्याच्या मागे टोपल्या भरणारा, मग वाहणारे. तुरिया म्हणजे आपलं फावडंच, दांडा आखूड. टोपली जुन्या टायरच्या रबराची असते, तिला मक्तफ म्हणतात. भरली की दहा-बारा किलो होते. घमेल्यासारखी ती खणखणत नाही, आपटली तरी फुटत नाही आणि रिकामी विहिरीत पडली तरी खालच्या माणसाचं डोकं फोडत नाही. पत्र्याचं घमेलं इथं कुणी वापरू नये असं मला वाटतं ते यामुळेच.

उपसलेली माती कुठं टाकायची हा प्रश्न पहिली तुरिया मारण्याआधी सुटला पाहिजे. आज जिथं ढीग घालाल तिथं खाली दुसरं थडगं असू शकतं. म्हणून ढिगाऱ्याची जागाही ठरवून, निरीक्षकाला दाखवून घ्यावी लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या खोदकामांचे ढिगारे आता आम्हाला पुन्हा चाळावे लागतात, कारण तेव्हा छोटे तुकडे फेकून दिले जात.

काम अंगणापासून सुरू होतं. थडग्याची रचना सांगितली तर पुढचं समजेल. डोंगराचा उतार कापून सपाट अंगण, त्याच्या मागच्या उभ्या कापलेल्या भिंतीत दार. दारातून आत आडवं दालन, त्याच्या मध्यातून सरळ आत जाणारं दुसरं लांब दालन, शेवटी कोनाडा. वरून पाहिलं तर उलटा टी. ही झाली पूजेची, जिवंत माणसांनी येण्याजाण्याची जागा. मृतांसाठी अंगणात किंवा आतल्या दालनात उभी विहीर खोदलेली असते आणि तिच्या तळाशी एक-दोन खोल्या. कामगारही तिला 'बीर' म्हणतात, म्हणजे विहीरच.

अंगणात वरचा थर वाऱ्याच्या वाळूचा, त्याखाली शेणखत, पेंढा, पडक्या घरांच्या कच्च्या विटा, त्याखाली चुनखडकाच्या चिपा. प्रत्येक वेगळ्या थराला, खड्ड्याला आणि भिंतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्याला आम्ही लोकस म्हणतो. मातीचा रंग, ठिसूळपणा किंवा चिपांचं प्रमाण बदललं की थांबायचं, नवा क्रमांक घ्यायचा, वरची आणि खालची उंची टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मोजायची, फोटो काढायचा आणि मगच पुढं. रंग मन्सेलच्या रंगपट्टीवरून लिहायचा, तोही सावलीत. उन्हात एकच माती सकाळी पिवळट आणि अकरा वाजता पांढरी दिसते.

फोटोची वेळ इथं डोंगर ठरवतो. बहुतेक अंगणं पूर्वेकडे उघडणारी आहेत, त्यामुळे सूर्य वर आला की लगेच कडक सावल्या पडतात. उजाडल्यापासून सूर्य नदीपलीकडून डोकावेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत चांगली. ती हुकली तर दुपारी ऊन डोंगरामागे जाईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर चार जणांनी कापड ताणून सावली धरायची. संगणकावर फोटो जोडून त्रिमितीय नमुना करतात, त्यासाठी फोटो एकमेकांवर निदान साठ-सत्तर टक्के चढते हवेत आणि कोपऱ्यांत मोजून ठेवलेल्या खुणा दिसल्या पाहिजेत. ड्रोन विसरा. लष्कराच्या परवानगीशिवाय तो देशात आणताही येत नाही. वरून फोटो हवा असेल तर लांब काठीला कॅमेरा बांधतो.

हा नमुना आल्यापासून हाताने आराखडा काढणं काही पथकांनी सोडून दिलं आहे. ते चूक आहे. एक मीटरला पाच सेंटीमीटर या मापाने भिंत काढत बसलं की विटेचा सांधा कुठं तुटला, कुठली वीट नंतर घातली, हे पेन्सिल थांबते तिथं कळतं. कॅमेरा तसा थांबत नाही.

अंगणात वरचेवर मातीचे शंकू सापडतात, भाजलेले, वीत-दीड वीत लांब, चपट्या तोंडावर मालकाचं नाव आणि हुद्दा ठशाने उमटवलेला. दर्शनी भिंतीच्या वरच्या कडेला ते ओळीने बसवलेले असत. आतापर्यंत ६०० हून अधिक वेगवेगळे ठसे नोंदले गेले आहेत. नव्या माणसाला शंकू सापडला की थडग्याचा मालक सापडला असं वाटतं. पण शंकू गडगडतो. वरच्या ओळीतल्या थडग्याचे शंकू खालच्या अंगणात येऊन पडतात. एकाच ठशाचे पुष्कळ शंकू एकाच अंगणात, तेही खालच्या थरांत मिळाले, तरच त्याबद्दल बोलावं.

आता विहीर. सगळ्यांत जास्त वेळ, धोका आणि माहिती इथं आहे.

तोंड सापडलं की लगेच खाली उतरायचं नाही. आधी तोंडाभोवती दगड आणि मातीच्या गाऱ्याची गुडघाभर भिंत बांधतो. उतारावरच्या सैल चिपा सतत घसरत असतात, त्यातली सुपारीएवढी चीपही सहा मीटरवरून पडली तर उघड्या डोक्याला खोक पाडते. मग तोंडावर रहाट. दोन उभे खांब, आडवा दांडा, दोन्ही टोकांना मुठी. गावच्या विहिरीवर पाहिलेला असतो तसाच. दोर रोज सकाळी पूर्ण उलगडून बोटांतून सरकवत तपासायचा, पीळ सुटलेला वाटला तर तो कापून टाकायचा. टोपली दोन-तृतीयांशच भरायची. टोपली हलली की खालच्या माणसाने तळच्या खोलीत सरकायचं, खोली अजून उघडी झाली नसेल तर कोपऱ्यात लावलेल्या जाड फळीखाली उभं राहायचं. भिंतींत प्राचीन काळच्या पाय ठेवायच्या खोबणी दिसतात, त्यांवर भार टाकायचा नाही. शिडी पोलादी, वरून बांधलेली.

विहीर साधारण एक बाय दोन मीटरची, खोली तीन मीटरपासून दहाच्या पुढेही. एवढ्या जागेत अर्धा भाग ठेवून अर्धा खोदण्याची पद्धत चालत नाही, खोदणाऱ्याला वाकायलाच जागा उरत नाही. म्हणून थर स्पष्ट दिसत असतील तर थरांनुसार, नाहीतर २०-२० सेंटीमीटरच्या टप्प्यांत उतरायचं. प्रत्येक टप्प्याला स्वतःची चिठ्ठी.

विहिरीतली माती म्हणजे चोरांनी मागे ठेवलेला कागद असतो. वर वाळू, मग चिपा, मग चिपांत मिसळलेले कापडाचे फाटके पट्टे, हाडं, रंगीत लाकडाचे कपटे. चार मीटर खोलीवर वर्तमानपत्राचा कपटा किंवा सिगारेटचं पाकीट मिळालं तर त्याच्यावरचं सगळं त्या कागदानंतर पडलेलं आहे, मग त्यात कितीही जुन्या वस्तू असोत. पाकीट फेकून देणारा मदतनीस आपल्याकडे नको. त्यावरची छपाई ही त्या थराची तारीख आहे.

सर्वांत मोलाचा थर वेगळाच असतो: दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा, पापुद्र्यापापुद्र्यांचा, भेगाळलेला चिखल. इथं पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा डोंगरावरून लोंढा येतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये असाच पूर आला होता. त्या पाण्याने विहिरीत आणलेला गाळ वाळून झाकणासारखा बसतो. तो अखंड मिळाला तर त्याखाली जे आहे ते त्या पावसाच्या आधीचं, आणि त्यानंतर कुणी खाली गेलेलं नाही. असा थर दिसला की काम थांबतं. चारी बाजूंनी तो भिंतीला चिकटलेला आहे का, मध्येच कुणी भोक पाडलं आहे का, हे ब्रशने बघून, फोटो आणि उंची घेऊन मगच फोडायचा. घाईत एका तुरियाने तो फुटला तर ती माहिती परत मिळत नाही. दुसरी विहीर खोदून तिची भरपाई होत नाही.

हवा खाली जड असते. मेणबत्ती विझते का हे बघण्यावर विसंबू नये, आम्ही प्राणवायू मोजणारं यंत्र कमरेला लावतो. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की माणूस वर. पंख्याला कापडी नळी जोडून हवा तळापर्यंत सोडतो. वटवाघळांची जुनी विष्ठा असेल तर तिच्यातल्या बुरशीने फुप्फुसं बिघडतात. पाणी शिंपडून धूळ बसवणं रंगीत भिंतींमुळे शक्य नसतं, म्हणून उत्तम प्रतीचा मास्क, आणि तोही दाढीवर नीट बसतो का ते पाहून. दगड उचलण्याआधी तो काठीने हलवायचा. विंचू सावलीतल्या गारव्याला बसलेले असतात.

खडकाकडेही लक्ष लागतं. वरचा चुनखडक भेगांचा, पण त्याखाली एस्ना शेल नावाचा मातकट खडक आहे. तो ओलावा शोषून फुगतो आणि वरच्या खडकाला उचलून फोडतो. खोल विहिरीची खोली त्या थरात गेली असेल तर छत आधी तपासायचं आणि टेकू दिल्याशिवाय खाली बसायचं नाही.

वर आलेली टोपली थेट चाळणीकडे जाते, आणि गफलत सर्वांत जास्त होते ती याच दहा पावलांत. नियम असा की थराची चिठ्ठी आधी चाळणीवाल्याच्या हातात, मग टोपली. एका चाळणीवर एका वेळी एकच लोकस. तो संपला की चाळणी उलटी करून झटकायची आणि मग पुढची चिठ्ठी. इथे वारा मुख्यतः उत्तरेकडून येतो, म्हणून चाळणी खड्ड्याच्या दक्षिणेला लावतो, नाहीतर सगळी धूळ खोदणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि रंगीत भिंतींवर. अंगणात पाच मिलीमीटरची जाळी पुरते. विहिरीत तीनची. तळच्या खोलीत दोनची, आणि जमिनीलगतचे शेवटचे दहा सेंटीमीटर एक मिलीमीटरच्या जाळीतून, कारण फायन्सचे (झिलई दिलेल्या, चिनीमातीसारख्या पदार्थाचे) चपटे मणी दोन-तीन मिलीमीटरचेच असतात. त्यात दिवसाला आठ-दहा टोपल्याच होतात, आणि रईसला ते संथ वाटतं. पण चोर सोनं घेऊन गेले, मणी सांडून गेले. कुणाच्या गळ्यात काय होतं हे त्या मण्यांवरूनच कळायचं असतं.

चिठ्ठी कशावर लिहावी याचा अनुभव आम्ही चुका करून घेतला आहे. मार्करची शाई इथल्या उन्हात एका हंगामात उडते. बॉलपेन घामाने फासतं. साधा कागद उंदीर आणि कसर खातात. न फाटणारा टायवेक कागद आणि शिसपेन्सिल, एवढंच टिकतं. दोन चिठ्ठ्या, एक पिशवीत आणि एक बाहेर बांधलेली. आकड्यांचा घोळ वेगळाच. निरीक्षक आणि कामगार अरबी आकडे लिहितात. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. म्हणून लोकस क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर दोन्ही लिपींत आणि खाली अक्षरांतही लिहितो. चार सेकंद जास्त लागतात. घोळ झाला तर तो महिन्यांनी, कोठारात बसल्यावर उघडकीला येतो आणि तेव्हा काहीही करता येत नाही.

साडेनऊच्या सुमारास अर्धा तास न्याहारी. ऐश शम्सी म्हणजे उन्हात फुगवून भाजलेला जाड पाव, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या बिया, कांदा, आणि काळा, भरपूर साखरेचा चहा. त्या वेळी चिठ्ठ्यांवर खडे ठेवायला विसरू नये.

लाकूड सापडणं म्हणजे अर्धा दिवस गेला असं समजायचं. शवपेटीच्या फळीचं लाकूड वाळवीने आतून खाल्लेलं असतं आणि वरचा चुन्या-सरसाचा लेप आणि रंग तेवढा पापुद्र्यासारखा उभा असतो. दिसायला फळी, हात लावला तर भुगा. कडेची माती बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने सोडवायची, पृष्ठभागावर जपानी कागद अंथरायचा आणि त्यातून पॅरालॉइड बी-७२ या राळेचं ॲसिटोनमधलं दोन-तीन टक्क्यांचं द्रावण ड्रॉपरने सोडायचं. इथल्या हवेत ॲसिटोन इतकं झटकन उडतं की राळ आत न मुरता वर चकचकीत थर धरते, म्हणून हळू उडणारं द्रावक मिसळायचं आणि सकाळी गारव्यात काम करायचं. मग खालून पातळ पत्रा सरकवून फळीसकट माती उचलायची. मणी माळेच्या क्रमाने पडलेले असतील तर सायक्लोडोडेकेन वितळवून ओततो. ते मेणासारखं घट्ट होतं, सगळं एका ठोकळ्यात उचलता येतं आणि काही दिवसांत ते हवेत उडून जातं, मागे काही उरत नाही.

कापड कधीही ओढायचं नाही. राळेत भिजलेलं कापड काचेसारखं मोडतं. मानवी अवशेष अस्थितज्ज्ञाकडे जातात, प्रत्येक हाड डावं की उजवं, मोठ्याचं की मुलाचं, असं वेगळं होतं. एकच हाड, समजा उजवी मांडी, किती वेळा मिळाली यावरून निदान किती माणसं होती ते ठरतं. वारंवार वापरलेल्या विहिरीत हा आकडा डझनांत जातो. शाब्ती, म्हणजे परलोकात मालकाऐवजी राबायला ठेवलेल्या बाहुल्या, त्यांचीही मोजणी तशीच: डोकी वेगळी, पाय वेगळे, जो आकडा मोठा तो धरायचा. पुढच्या काळात पूर्ण संच ४०१ चा असे, वर्षाच्या दिवसांचे ३६५ आणि त्यांच्यावरचे ३६ मुकादम. पाय दोनशे आणि डोकी ऐंशी मिळाली तर उरलेली डोकी कुठल्या लोकसमध्ये गेली हे चिठ्ठ्या सांगतात. डोकी विकली जातात, पाय नाहीत, म्हणून ती बरेचदा सापडतच नाहीत.

दुपारचं काम खापरांचं. सावलीत चटया, प्रत्येक चटईवर एक लोकस, मध्ये चिठ्ठी. वर्गवारी मातीच्या जातींनुसार, व्हिएन्ना नावाच्या ठरलेल्या पद्धतीने. पक्कडीने कडेची चिमूट तोडून ताजा छेद दहा पटीच्या भिंगाखाली बघायचा. नाईलच्या गाळाची माती भाजल्यावर तांबूस-तपकिरी होते, तिच्यात पेंढ्याच्या जळालेल्या पोकळ्या दिसतात. मार्ल माती वाळवंटाकडची, चुनखडी, घट्ट, भाजून पिवळसर किंवा हिरवट. ओठ, बूड, कान आणि नक्षीची खापरं वेगळी काढायची, बाकीची जातीनुसार मोजून, वजन करून लिहायची. दोन्ही आकडे हवेत. मोठा रांजण फुटून ऐंशी खापरं झाली तर नुसती संख्या फसवते. मग दोन लोकसच्या चटया शेजारी आणून सांधे जुळतात का बघायचं. अंगणातल्या आणि विहिरीच्या तळातल्या खापराचा सांधा जुळला की त्या दोन्ही जागा एकाच वेळी उचकटल्या गेल्या असाव्यात असा धागा मिळतो. दहा चटयांत असा एक सांधा मिळाला तरी तो दिवस चांगला.

हे सगळं चालू असताना आतल्या दालनात संवर्धनाचं काम असतं. महाराष्ट्रातली लेणी पाहिलेल्याला ही दालनं ओळखीची वाटतात, पण इथला खडक बेसाल्टसारखा एकसंध नाही. भिंती खडबडीत निघाल्या की कारागिरांनी माती आणि पेंढ्याचा गिलावा केला, त्यावर पांढरा हात मारून रंगवलं. अजिंठ्यातही मातीचाच गिलावा आणि सरसात कालवलेले रंग आहेत, म्हणून अजिंठ्याचा एक धडा इथंही लागू पडतो. तिथं १९२० च्या सुमारास चित्रांवर लाखेचं वार्निश लावलं गेलं आणि ते पुढं पिवळं पडलं. आज आम्ही रंगावर शक्यतो काहीच लावत नाही. ओलं फडकंही नाही, कारण रंगातला डिंक किंवा सरस पाण्यात सुटतो. धूळ मऊ ब्रशने, काजळी कोरड्या रबरी स्पंजने, गांधीलमाशीची मातीची घरटी स्काल्पेलने खवल्या-खवल्याने. मडकं घेताना वाजवून बघावं तशी भिंत बोटाच्या पेराने हलकेच वाजवायची. पोकळ आवाज आला तिथं खडूने नव्हे तर आराखड्यावर खूण करायची, मग सुईने चुन्याचं पातळ गारं आत सोडायचं. गिलाव्याच्या सुटलेल्या कडा चुना, चाळलेली वाळू आणि चुनखडकाची भुकटी यांच्या गाऱ्याने बांधायच्या. सिमेंट नाही. जुन्या दुरुस्त्यांतलं सिमेंट भिंतीपेक्षा कडक असतं, त्यातले क्षार शेजारच्या रंगात येऊन फुलतात, आणि ते काढायला आता हंगामच्या हंगाम जातात.

दिवसअखेर निरीक्षकासोबत नोंद. जे मोलाचं, पूर्ण किंवा लेख असलेलं, ते सिजिलमध्ये, म्हणजे खात्याच्या नोंदवहीत, चढतं: क्रमांक, वर्णन, माप, लोकस, फोटो, दोघांच्या सह्या. १९८३ च्या कायदा क्रमांक ११७ पासून सापडलेली वस्तू इजिप्तच्या मालकीची असते. पूर्वीसारखी पथकाशी वाटणी होत नाही. नमुनेही देशाबाहेर जात नाहीत, कार्बन कालमापन कैरोतल्या फ्रेंच संस्थेच्या प्रयोगशाळेत करतात. काही जणांना ही अडचण वाटते. मला हा नियम योग्य वाटतो. एका थडग्याचे तुकडे तीन खंडांत विखुरले की कुठलीही चिठ्ठी त्यांना परत जोडत नाही, आणि एकोणिसाव्या शतकात नेमकं तेच झालं.

हंगामाचे शेवटचे दहा दिवस नवं खोदकाम नसतं. हा नियम मोडण्याचा मोह दर वर्षी होतो, कारण खोलीचं दार नेमकं त्याच आठवड्यात दिसू लागतं. पण उघडं पडलेलं लाकूड नोंदीशिवाय आणि आधाराशिवाय सहा महिने ठेवता येत नाही. म्हणून तळाच्या न खोदलेल्या पातळीवर जिओटेक्सटाइल कापड अंथरतो, त्यावर हातभर चाळलेली स्वच्छ वाळू. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी आणि झाकण, दालनाला लोखंडी दार, कुलपावर निरीक्षकाच्या सहीचा कागद. पेट्या खात्याच्या कोठारात जातात, प्रत्येक पेटीच्या झाकणाखाली आतल्या पिशव्यांची यादी आणि तीच यादी वहीत.

वहीच्या शेवटच्या पानावर शेवटचा लोकस क्रमांक लिहून त्याखाली रेघ मारायची. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच्या पुढच्या आकड्यापासून होते, तोच आकडा दोनदा वापरला जाऊ नये म्हणून. मग टायवेकचे कोरे तुकडे कापून, भोकं पाडून, दोरे ओवून ठेवायचे. पाचशे लागतात. ते आणि टोक केलेल्या पेन्सिली एका डब्यात घालून डबा चाळण्यांवर ठेवायचा, म्हणजे ऑक्टोबरात दार उघडलं की हाताला पहिल्यांदा तोच लागतो.